बारीक ठोका

पेचकसाचं टोक मोटरीवर, मूठ कानामागच्या हाडावर आणि डोळे मिटलेले. मिस्त्रीकाका माझ्या चक्कीत शिरले की आधी हे, राम राम नंतर. बाया डबे घेऊन रांगेत उभ्या, पीठ हवेत उडतंय, आणि हा सत्तरीचा माणूस माझ्या मोटरीची नाडी पाहतोय. मग डोळे उघडायचे आणि निकाल द्यायचे, "बारीक ठोका आहे, सूनबाई."

"काही ठोका नाही काका. मस्त चालून राह्यली."

"आहे. मी सांगतो ना. अजून एकदा खोलून पाहू?"

हे 'अजून एकदा' ऐकलं की माझं डोकं सटकायचं. रांगेतल्या बाया हळूच आपापले डबे उचलायला लागायच्या. मिस्त्रींनी पाना हातात घेतला की त्या दिवशी दळण होत नाही, हे अर्ध्या चिखलीला ठाऊक होतं.

आमची चक्की धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत. सासरे गेले, आमचे मालक शेतात रमले, चक्की माझ्या गळ्यात पडली. माझी मागची भिंत आणि काकांच्या टिनाच्या शेडची भिंत एकच. तिकडे त्यांची लोखंड कातायची लेथ सुरू झाली की इकडे फळीवरचे डबे थरथरायचे. सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मी सूनबाई आणि ते काका. बाकी गावाला ते नुसते मिस्त्री. नाव होतं त्यांना, पण ते लग्नपत्रिकेपुरतं.

बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. घरात एक खुर्ची होती, तिच्यावर वर्तमानपत्रं बसायची. जेवतानासुद्धा एक पाय उंबऱ्याबाहेर. एकदा आम्ही रोहिणखेडला एका लग्नाला सोबत गेलो. पंगत बसली, पंगत उठली, नवरी वाटेला लागली, आणि काकांचा पत्ता नाही. शोधलं तर मांडवाच्या कोपऱ्यात स्टुलावर उभे, हातात उभा पंखा उघडलेला. पंखा बंद पडला होता का? छे. चांगला फिरत होता. काकांच्या मते तो 'कण्हत' होता. काकू म्हणाल्या, "लग्नात यायनं माह्या हातात हात दिला, तेवढाच. त्याच्यानंतर यायच्या हातात पानाच पाह्यला म्या."

माझी मोटर त्यांनी एकदा दिवाळीच्या तोंडावर खोलली. भाजणीच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मी नको ते बोलले. मोठ्या माणसाला बोलू नये असं सगळं बोलले. ते मान खाली घालून बेअरिंग धूत राहिले आणि संध्याकाळी त्यातली एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. तिला केसाएवढी चीर होती. "दोन दिवसांत मोटर जाम झाली असती," एवढंच म्हणाले. ती गोळी नंतर आठवडाभर खिशात घेऊन फिरले आणि दिसेल त्याला दाखवली. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. चहा दिला.

डोळ्यांचं मला काकूंकडून कळलं. गहू घेऊन आल्या होत्या, डबा ठेवला आणि तिथेच कट्ट्यावर बसल्या.

"काचबिंदू म्हणते डाक्टर. यायले बाजूचं दिसत नाही आता. समोरचं तेवढं दिसते, नळीतून पाह्यल्यासारखं. अन् ते बी कमी होत जाईन म्हणते. गेलेलं वापस येत नाही."

"काका काय म्हणाले?"

"काय म्हणतील? घरी आले अन् शेडमध्ये गेले."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं. चाळीस वर्षं थ्रेशरच्या शाफ्टी, मोटरपंपाचे बुश, कापसाच्या जिनिंगचे रोलर करून देणारा माणूस दारावर आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायला लागला. लेथ मात्र दिवसभर चालू. मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "काका, कोणासाठी करून राह्यले?"

"माह्यासाठी," पलीकडून उत्तर आलं.

मी जाऊन पाहिलं. बिडाचा एक गोळा लेथला लावून त्यात ते भोक पाडत होते. वाफेचं इंजिन करायचं होतं. खेळण्यातलं नाही, पण तेवढंच लहान, भाकरीच्या डब्यात मावेल असं. चाक काकूंच्या मोडक्या शिलाई मशीनचं. पिस्टन जुन्या मोटरसायकलच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम कापून. मी म्हटलं, काका, या वयात हे खूळ काऊन?

त्यांनी लेथ बंद केली. हे त्यांच्या हातून क्वचितच व्हायचं.

"मी पंचवीस वर्षांचा होतो. एका बंद जिनिंगमध्ये वाफेचं इंजिन होतं. दोन माणसं उंच, नुसतं पडून. भंगारवाल्यानं मले गॅस कटर घेऊन बोलावलं. तीन दिवस मी ते कापलं. तिसऱ्या दिवशी समजलं, की ते बिघडलेलं नव्हतंच. चाक हातानं फिरून राह्यलं होतं, सूनबाई. चालतं इंजिन मी कापलं." मग म्हणाले, "त्याच्यानंतर जन्मभर दुसऱ्यायच्या मशिनीचे तुकडे केले. एक अख्खी मशीन नाही केली. डोळे आहेत तोवर एक करतो. चालताना पाहतो. मग गेले तर गेले."

मी परत येऊन ज्वारी दळली. पण त्या दिवसापासून माझ्याही जिवाला चैन नव्हती. भिंतीपलीकडे लेथ थांबली की माझा हात थांबायचा. झालं का? पडले का? की दिसेनासं झालं?

बॉयलर म्हणून काकांनी घरातला कुकर घेतला. शिट्टीच्या जागी तांब्याची बारीक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला इंजिन. झाकणातल्या सेफ्टी वॉल्व्हला मात्र त्यांनी बोट लावलं नाही. त्या बाबतीत ते फार कडक होते. कुकर असा शेडमध्ये गेला आणि काकूंच्या घरात पिठलं सुरू झालं. ज्या दिवशी ट्रायल त्या दिवशी पिठलं. आणि ट्रायल रोज. काकू बेसन घ्यायला आल्या की मी विचारायचीच नाही.

इंजिन सुरू होईना. गंमत म्हणजे थंड असताना बोटानं चाक फिरवलं तर असं गुळगुळीत फिरायचं की पाहत राहावं. वाफ सोडली की चार-पाच फेरे मारायचं, मग जड व्हायचं आणि अडकायचं. काका खोलायचे, पुसायचे, बसवायचे. पुन्हा वाफ. पुन्हा चार फेरे. "अजून एकदा," ते म्हणायचे, आणि दिवसातून पाच वेळा म्हणायचे. दोन महिने हेच. मधेच शेडच्या दारात त्यांचा खांदा चौकटीला आपटायचा, कारण बाजूची चौकट आता त्यांना दिसत नव्हती. खांदा चोळत ते म्हणायचे, दार अरुंद आहे.

एका दुपारी ते पेचकस न घेता, नुसतं पीठ न्यायला चक्कीत आले. तिथेच मला कळायला हवं होतं की माणूस थकलाय. मी ज्वारी दळत होते. सुरुवातीला दगड जवळ घेतले होते, पीठ गरम यायला लागलं तशी मी स्क्रू थोडा मागे फिरवला.

"काऊन ढिला केला?" त्यांनी विचारलं.

"गरम झाला ना दगड. थंडा असताना जेवढा टेकवला तेवढाच ठेवला तर पीठ जळते, काका. थोडी जागा सोडा लागते."

"मग खडखड नाही होत?"

"पुढच्या घाण्याले, थंडा असते तोवर होते जराशी. गरम झाला की आपोआप बसते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. समोरून, अगदी नाकासमोरून, कारण आता त्यांना असंच पाहता यायचं. मग आपलं पीठ न घेताच निघून गेले. तीन दिवस शेडमधून आवाज नाही. मला वाटलं, सोडलं त्यांनी. रागही आला.

चौथ्या दिवशी आले ते तावातावानं. "तू मले ढिलं काम करायले सांगतं काय? तापला की पिस्टन फुगते, जागा सोडा लागते, हे मले काय माहीत नाही? लोकायच्या इंजिनाले मीच सोडत आलो."

"मग स्वतःच्या इंजिनाले काऊन नाही सोडत?"

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा मिस्त्री आणि एवढी साधी गोष्ट केली नाही? त्याचं कारण त्यांनी तिथे उभ्या उभ्या सांगितलं, आणि सांगताना आवाज खाली आला.

"आता सोडली तर माणसं म्हणतील, मिस्त्रीले दिसत नाही म्हणून ढिलं झालं."

"कोण म्हणीन काका? कोण पाहणार आहे?"

"मी पाहणार आहे ना."

मी दुसरीकडे वळून पीठ चाळायला लागले. त्या पिठाला चाळायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेलेली, चक्की बंद. काका पिस्टन आणि मापायचं व्हर्नियर घेऊन आले. "सूनबाई, हे वाच बरं. माहा चश्मा घरी राह्यला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी पाहिला, त्यांनाही कळलं की मी पाहिला. मी व्हर्नियर हातात घेतलं. व्हर्नियरवरच्या रेघा मुंगीच्या पायाएवढ्या. "खालची कोणती रेघ वरच्या रेघीले बरोबर भिडली, तेवढंच सांग," त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी मी तीनदा चुकले, ते तीनदा चिडले, मी व्हर्नियर त्यांच्या हातात कोंबून घरात निघून गेले. दहा मिनिटांनी परत आले तर ते तसेच उभे होते.

मग रोजच. लाईट गेली की ते यायचे, नाहीतर मी तिकडे जायची. ते पिस्टनला पॉलिश पेपर मारायचे, धुवायचे, मी मापायची. चक्की चालवणारी बाई मी, पण तुम्हाला खरं सांगते, कोणी मला तेवढ्या विश्वासानं काही वाचायला दिलं नव्हतं.

"एक रेघ कमी झाली, काका."

"पुरे."

"नाही पुरे. अजून एक."

ते कण्हत दुसरी रेघ घासायला लागले. "बेइमानी करायले लावते ही पोरगी."

दुसरी रेघ झाली तेव्हा ते ठाम होते. "आता दोन बस झाल्या. गरम झाल्यावर बरोबर बसते. मले बोटाले समजते." पण मला धीर नव्हता. आदल्या दिवशी समोरचा चहाचा कप उचलताना त्यांचा हात बाजूला पडला होता आणि धक्क्यानं कप फुटला होता. मला भीती वाटत होती, की आता पुन्हा अडकलं, पुन्हा खोललं, पुन्हा दोन महिने गेले, तर चालायच्या दिवशी पाहायला डोळे उरणार नाहीत. मी म्हटलं, "तीन. एकदम तीन सोडा. अडकायची भानगडच नको."

"तीन जास्त होते."

"होऊ द्या."

ते कितीतरी वेळ पिस्टन बोटांत फिरवत राहिले. मग तिसरी रेघ घासली.

ट्रायलच्या वेळी लाईट नव्हती, म्हणून सगळी गल्ली शांत होती. काकूंनी स्वतः कुकरमध्ये पाणी ओतलं आणि शेगडी पेटवली. वाफ आली. काकांनी नळीची चावी फिरवली. चाक फिरलं. चार फेरे, पाच, आठ, आणि आम्ही तिघंही ज्या पाचव्या-सहाव्या फेऱ्याची वाट पाहत होतो तो केव्हाच होऊन गेला होता. चाक फिरत राहिलं. शिलाई मशीनचं ते काळं चाक, त्यावरची सोनेरी वेल फिरून फिरून एकच पिवळी रेघ झाली. काका गुडघ्यावर बसले. बसले, मी पहिल्यांदा पाहिलं. चाकाच्या अगदी समोर, नाक टेकेल इतक्या जवळ डोळे नेले.

"दिसते काय हो?" काकूंनी विचारलं.

"दिसते," ते म्हणाले. "पाह्यलं मी."

काकू पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात? आणि एवढ्यात या माणसानं काय करावं? खिशातून पेचकस काढला, टोक सिलिंडरवर, मूठ कानामागे, डोळे मिटले.

"बारीक ठोका आहे, सूनबाई."

"काका, आता खोललं तर तुमाले चक्कीत घालून दळीन मी."

ते हसले आणि पेचकस खिशात ठेवला. खोललं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला वाटलं, माझ्या धाकाला घाबरले. केवढा तो माझा तोरा. मी वडनेरला माहेरी गेले तेव्हासुद्धा भावाला सांगत होते की मिस्त्रीसारख्या माणसाला मी कसं गप्प केलं.

वर्षभरात उरलेलं दिसणंही गेलं. भिंतीला हात लावून ते शेडपर्यंत जायचे, लेथवर हात फिरवायचे आणि परत यायचे. मग एक दिवस त्यांची मुलगी नाशिकहून येऊन दोघांना घेऊन गेली. निघताना काकांनी भाकरीचा डबा माझ्या हातात दिला. आत इंजिन, नळी लावलेलं कुकरचं झाकण आणि पेचकस.

"सोबत न्या ना काका. तुमचं आहे."

"तिकडं मले दिसत नाही अन् पोरीले वेळ नाही. पडून राह्यलं की इंजिन मरते. तू चालवत राह्य."

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी दुपारी चार वाजता फोन. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही. "लाव बरं." मी आमच्या कुकरला ते झाकण लावून चढवायची, वाफ सोडायची आणि मोबाइल इंजिनाजवळ धरायची. नाशिकला पाचव्या मजल्यावर ते ऐकायचे. मग हुकमी वाक्य, "ठोका आहे अजून."

"नाही काका. तुमच्या कानात आहे तो."

"आहे. पण राहू दे."

भांडण तेवढंच, पण दर आठवड्याला. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं असायचं. मालक वैतागायचे. मी म्हणायची, गुपचूप खा.

यंदा थंडी सुरू व्हायच्या वेळी काकूंचा फोन आला. वेळ सकाळची, वार भलताच. "सूनबाई, हे गेले. झोपेतच." माझ्या तोंडून निघालं, "काऊन?" असं कोणी विचारतं का? पण तेच निघालं. नंतर दिवसभर मी चक्की चालवली आणि कोणाच्या डब्यात कोणाचं पीठ भरलं ते मला आठवत नाही.

मग बाजाराचा दिवस आला. चार वाजले, फोन वाजला नाही. मला बसवेना, उभं राहवेना. तीन वेळा चक्कीच्या दारापर्यंत गेले आणि आले. शेवटी डबा उघडला, कुकर चढवला, वाफ सोडली. हातात मोबाइल धरायचं काम नव्हतं, हात रिकामा होता. त्या रिकाम्या हातानं मी डब्यातला पेचकस उचलला. टोक सिलिंडरवर ठेवलं, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटले.

आधी नुसती वाफेची फुसफुस. मग तिच्या आत, अगदी आत, दर फेऱ्याला एक. टक. टक. नखानं ताटलीवर मारावं तसा. चार-पाच मिनिटं तो येत राहिला. इंजिन तापलं तसा बारीक होत गेला, पण गेला नाही. दोन रेघा असत्या तर गेला असता. तो माझ्या तिसऱ्या रेघेचा आवाज होता. काकांनी तो पहिल्याच दिवशी ऐकला होता, तो कुठून येतो हे त्यांना माहीत होतं, आणि लग्नातला पंखा न सोडणाऱ्या त्या माणसानं आपलं एकुलतं एक इंजिन तसंच राहू दिलं होतं.

मी पाणी संपेपर्यंत ऐकत राहिले. मग पेचकस कानाला लावूनच म्हटलं, "हाव काका. आहे."